हिरव्या रंगाखालचा पाळणा

बाबा, तुम्हाला मुळीच आवडणार नाही अशी एक खोली मी तयार केली आहे. तुम्ही असता तर चपला काढायच्या आधी दारातूनच भिंतीकडे पाहिलं असतं आणि म्हणाला असता, "हे काय भंगाराचं दुकान मांडलं?" म्हणून आधीच सांगून ठेवते, खोली आहे तशीच राहणार आहे. भिंतीला जुन्या वळणाच्या फुलांचा कागद लावलाय, मुद्दाम फिकट छापलेला. खिडकीत कंदील टांगलाय, पण त्यात वात नाही, बल्ब आहे. कोपऱ्यात एक बुटकं पांढरं कपाट आहे, त्याचा रंग जागोजागी उडालेला दिसतो. तो वापरून उडालेला नाही, कारखान्यातच उडवून दिलेला आहे. जुन्या रेडिओसारखी दिसणारी एक पेटी आहे, तिच्यातून अंगाई वाजते. तुमच्या जावयांनी हे एकेक मोबाइलवर शोधून मागवलं आणि प्रत्येक खोकं उघडताना लहान पोरासारखे खूश झाले. याला आता विंटेज म्हणतात. म्हणजे सामान नवंच, पण जुनं दिसावं म्हणून वर पैसे मोजायचे. तुम्ही जन्मभर याच्या नेमकं उलट केलंत, त्यामुळे तुमच्या कपाळावरची आठी मला इथूनही दिसते.

आता ही खोली कोणासाठी, ते ऐका. येत्या सोमवारी आमच्याकडे मुलगी येते आहे. पाच महिन्यांची आहे, हसली की आधी एकच गाल हलतो. मी तिला जन्म दिलेला नाही. नागपूरच्या एका संस्थेतून आम्ही तिला दत्तक घेतो आहोत. तुम्ही नको म्हणाला होता, तेच करतो आहोत.

तुम्ही नको म्हणालात तो दिवस मला पुरता आठवतो. आम्ही तेव्हा सेवाग्रामला दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. तुम्ही सिंदीहून सकाळच्या गाडीनं आलात, पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तुम्ही शेंगा सोलताय, मी चहा टाकलाय. डॉक्टरांनी आम्हाला काय सांगितलं ते मी पाठमोरीच तुम्हाला सांगते, कारण तोंडाकडे पाहून सांगवत नाही. आणि त्याच दमात दत्तकाचं बोलते. शेंगा सोलायचा आवाज थांबतो. तुम्ही म्हणता, "परक्याचं लेकरू परक्याचंच राह्यते. मी हाय तोवर हा विषय काढजो नोको." मग पुन्हा शेंगा सोलायला लागता. चहा तुम्ही अर्धा पिऊन ठेवलात. तुम्ही कधी चहा अर्धवट सोडत नव्हता, म्हणून तो कप मला तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. विषय काढायला मी मोकळी झाले होते, पण कसं कोण जाणे, तुमचं ते वाक्य घरात तसंच बसून राहिलं आणि वर्षं निघून गेली. याचा मला राग आहे, बाबा. तुम्हाला आवाज चढवायची सवय नव्हती, त्यामुळे तुमच्याशी भांडताच आलं नाही. आज भांडते आहे.

तुम्हाला जुन्याचा इतका तिटकारा का होता, हे आम्हाला उशिरा कळलं. आम्हाला एवढंच दिसायचं की कापसाच्या जिनिंगमधून पगार झाला की घरातलं काहीतरी जुनं जाणार. पितळेचे डबे गेले, स्टीलचे आले. लाकडी पेटी गेली, लोखंडी कपाट आलं. वीज आली त्या आठवड्यात तुम्ही घरातले दोन्ही कंदील भंगारवाल्याच्या गाडीवर स्वतः नेऊन ठेवलेत, त्यानं काही देऊ केलं ते घेतलंही नाही. तान्हा पोळ्याला सगळ्या सिंदीची पोरं लाकडाचे नंदी घेऊन मारुतीच्या देवळापाशी जमायची. आजोबांच्या वेळचे, कडेला झिजलेले, शिंगांना बेगड लावलेले नंदी. तुम्ही माझ्यासाठी प्लॅस्टिकचा आणलात, पिवळाजर्द, चाकं लाल. मुलीच्या हातात नंदी द्यायचा हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती, त्यात तो प्लॅस्टिकचा. पोरं हसली. मी रडत घरी आले तर तुम्ही म्हणालात, "कोनाचा वापरलेला तर नाई ना? मंग झालं." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे कॉलेजात असताना एकदा आईनं तुमचा फाटका सदरा फडक्यांत टाकला, तेव्हा तुम्ही सहज बोलून गेलात. लहानपणी तुमच्या अंगावर कायम चुलतभावाचे उतरलेले कपडे असायचे, आणि शाळेत त्यानं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की हा सदरा माझा आहे. गुरुजी हसले, वर्ग हसला. तुम्ही ते सांगताना हसला नाहीत. मी तेव्हा तुमच्या जागी असते तर मीही घरात जुनं ठेवलं नसतं, हे मला कबूल आहे.

पण त्या सगळ्या झाडझुडीतून एक जुनी वस्तू वाचली होती. आमचा पाळणा. दादा त्यात झोपला, मग मी झोपले. आम्ही मोठे झालो तरी तो गेला नाही. दर दिवाळीला तुम्ही तो अंगणात काढायचात आणि त्याला हिरव्या ऑइलपेंटचा एक हात द्यायचात. चिवड्याच्या फोडणीच्या वासात टर्पेंटाइनचा वास मिसळला की आमची दिवाळी सुरू व्हायची. मी सातेक वर्षांची असेन. तुम्ही कामावर गेला होतात आणि मला पाळण्याच्या डोक्याकडच्या फळीवर रंगाखाली काहीतरी उंचवटा लागला. मी सायकलच्या किल्लीनं खरवडत बसले. रंग पापुद्र्यांनी निघत गेला आणि खालून एका पाखराचा पंख दिसायला लागला, लाकडात कोरलेला, बारीक रेघांचा. मला इतका आनंद झाला की मी तुम्ही यायची वाट पाहत बसले. तुम्ही आलात, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. मी हात धरून तुम्हाला दाखवलं. तुम्ही माझा तोच हात पकडला, किल्ली काढून घेतली आणि दाबल्या आवाजात म्हणालात, "पुन्हा इथं हात लावला तर पाह्य." मारलं नाहीत. पण हातपाय धुवायच्या आधी डबा उघडून तुम्ही त्या पंखावर रंग फासलात, एकदा, वाळल्यावर परत एकदा. त्या फळीवर तेवढ्याच जागी रंगाचा जाड थर होता, दिवा लावला की तो वेगळा चमकायचा. पाखरू दाखवलं तर बाबा चिडतात, एवढंच मी शिकले. का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता मागच्या महिन्यातलं सांगते. मुलगी मिळणार हे पक्कं झालं तेव्हा मी सिंदीला गेले. आपल्याकडे पहिल्या लेकराचा पाळणा आईच्या माहेराहून येतो, भाऊ घेऊन येतो, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. मला पाळणा विकत मिळत नव्हता असं नाही. मोबाइलवर शिसवी दिसणारे, मुद्दाम तडे पाडलेले, हवे तसे पाळणे आहेत. पण मला माझ्या माहेरचा हवा होता. तिच्यासाठी हवा होता. उद्या कोणी तिला विचारलं की तुझ्या आईच्या घरच्यांनी तुला काय दिलं, तर तिच्याकडे उत्तर असायला हवं होतं. दादा तुमच्यासारखाच आहे, बाबा, आवाज चढवत नाही. त्यानं खतांचं दुकान घटकाभर पोराकडे सोपवलं, माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "पाह्य बाई, पाळणा मी आनतो. बँड लावून आनतो, साऱ्या गावाले सांगून आनतो. फक्त तू एक कर. लोकाईले सांग का तुहा इलाज नागपूरले चालू होता, तिथंच लेकरू झालं. बाकीचं मी पाह्यतो." मी म्हटलं, लेकरू झालं नाही, आणलं आहे, आणि मी तेच सांगणार. त्यानं तळहात चोळले. मग म्हणाला, "मंग बाबा असते तर त्याहिनं पाळणा देल्ला नसता. आपलं रक्त नाई ते."

तुमच्या जावयांनी नंतर मला विचारलं की तू तेव्हा रडलीस का. मी रडले नाही. मी म्हटलं, "दादा, मी लॅबमध्ये रोज सकाळपासून रक्तच तपासते. आजवर एकाही नळीत कोणाचं आडनाव दिसलं नाही मला. ते आम्ही बाहेरून चिकटवतो." दादाला ते दवाखान्याचं बोलणं वाटलं. पण दारात बसून सुपात तुरीची डाळ पाखडणाऱ्या आईचे हात थांबले. आई आता कमी ऐकते, निदान आम्हाला तसं वाटतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि दादाला म्हणाली, "कोनाचं रक्त आनि कोनाचा पाळणा रे? तुमी दोघं ज्याच्यात झोपले, तो माह्या माहेरचा नोहोता."

बाबा, तुमच्या पाळण्याची गोष्ट मला वयाच्या चाळिशीत, डाळीच्या सुपाशेजारी कळली. दादाच्या वेळी आईच्या माहेरी खायचे वांदे होते. मामांनी निरोप धाडला की आमच्यानं पाळणा होत नाही. तुमच्या आईला ते कळायच्या आत तुम्ही वाट काढलीत. जिनिंगमध्ये तुमच्या बरोबरीला आष्टीकडच्या जंगलपट्टीतला एक गोंड माणूस होता. त्यानं स्वतःच्या लेकरांसाठी सागवानाचा पाळणा हातानं घडवला होता, वर पाखरं कोरली होती. त्याची लेकरं मोठी झाली होती. "त्यानं पैसे घेतले नाई," आई म्हणाली. "तुह्या बाबाले एवढंच म्हने, विकजो नोको, फेकजो नोको. पुढं ज्याच्या घरी लेकरू यीन, त्याले देजो. तुह्या बाबानं त्याले शब्द देल्ला. पन गोंडाच्या घरचा पाळणा म्हटला तर तुही आजी उंबरठ्याच्या आत येऊ देत नोहोती. म्हनून तुह्या बाबानं जिनिंगच्या मांगंच त्याले हिरवा रंग फासला, वाळू देल्ला, आनि मंग बैलगाडीवर घालून आनला. साऱ्याईले सांगतलं, बायकोच्या माहेरून आला. मी बाजीवर पडून ऐकून राह्यली होती. मले माह्या माहेराचा एवढा मान कोनं देल्ला नोहोता." मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा सूप उचललं.

आता बोला. ज्या माणसानं दुसऱ्याच्या घरचा पाळणा आणला, त्यावर रंग चढवला, आमचाच आहे म्हणून गावभर सांगितलं आणि आपली दोन्ही लेकरं त्यात झोपवली, त्या माणसानं मला सांगावं की परक्याचं परक्याचंच राहतं? मी मुळीच ऐकणार नाही. उलट मला तर तुम्हीच सापडलात माझ्या बाजूचे साक्षीदार. दर दिवाळीला तुम्ही रंगाचा डबा उघडायचात तो हौसेनं नाही, धास्तीनं, हे मला आता कळतं. वर्षभरात कुठे टवका उडाला, कुठून पाखरू डोकावलं, कोणी पाहिलं तर काय, ही धास्ती तुम्ही किती दिवाळ्या सांभाळलीत. आणि दादा मला तेच करायला सांगत होता. आधी एक खोटं सांग, मग ते जन्मभर रंगवत बस. मला ते जमणार नाही, बाबा. आईचा मान राखायला तुम्ही ते केलंत, त्याबद्दल मी तुम्हाला एका शब्दानं बोलणार नाही. पण माझ्या लेकीवर मी रंग चढवणार नाही. ती कुठून आली हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असेल, शेजाऱ्यांना माहीत असेल, आणि ज्याला ते पचत नसेल त्यानं आमच्याकडे चहाला येऊ नये. तुम्हीसुद्धा, अर्धा कप टाकून जायचा असेल तर.

दादा त्या दिवशी आईचं ऐकून उठला, शिडी लावली, माळ्यावरच्या पाळण्यातल्या बारदान्याच्या थप्प्या बाहेर काढल्या आणि पाळणा खाली उतरवून दिला. दोर जुने झाले होते, त्यानं दुकानातून नवे आणून स्वतः बांधले, गाठी दोनदा ओढून पाहिल्या. मग जेवायलाही न थांबता दुकानात निघून गेला. त्यानं बँड लावला नाही आणि तो सोबतही आला नाही. मला वाईट वाटलं. पण टेम्पोची व्यवस्था झाली तेव्हा आई लुगडं बदलून दारात उभी. "भाऊ नाई येत तर माय येते," म्हणाली. "मी काय माहेर नोहो?" मी पाळणा उचलायला गेले तर तिनं माझा हात धरला. रिकामा पाळणा हलवायचा नसतो आणि रिकामा वाटेनंही न्यायचा नसतो. तिनं घरातून वरवंटा आणला, धुतला, हळदीकुंकू लावलं, त्याला टोपडं घातलं आणि मऊ फडक्यात गुंडाळून पाळण्यात निजवला. टेम्पोवाला पोरगा विचारतो, "आजी, गोटा कायले नेऊन राह्यली?" आई म्हणते, "गप गाडी चालव, झोपलं हाय." सिंदीपासून सेवाग्रामपर्यंत ती मागे बसून आली, एक हात वरवंट्यावर. सेलूच्या पुढे खड्डे लागले तेव्हा तिनं चक्क त्याला थोपटलं. माझं बारसं असंच, याच वरवंट्यानं झालं होतं म्हणे.

मग मी रंग खरवडायला घेतला. तो जुना ऑइलपेंट लेकराच्या तोंडात जाणं चांगलं नाही, हे एक कारण. दुसरं कारण तुम्हाला माहीत आहे. तोंडाला फडकं बांधून रविवार-रविवार बसले, तुमचे जावई पॉलिशपेपर घासायला. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली थोडा वेगळा हिरवा, त्या वर्षी दुकानात तुमच्या रंगाचा नंबर मिळाला नसावा. सगळ्यात खाली सागवान, मधाच्या रंगाचं. चारही बाजूंनी पाखरं निघाली, बाबा. एक चोच उघडलेलं आहे, दोन एकमेकांकडे तोंड करून बसली आहेत. बाजूच्या फळीवर एक झाड आहे आणि त्याला पानांपेक्षा पाखरंच जास्त. इतक्या सुंदर लाकडावर तुम्ही दरवर्षी ब्रश कसा फिरवलात हेच मला कळत नाही. आमच्या छताला कडी नाही म्हणून लोखंडी स्टँड करून घेतला, त्यावर पाळणा टांगला. बल्बचा कंदील, खोटा रेडिओ, कारखान्यात म्हातारं केलेलं कपाट, आणि मधोमध हा. आई रोज बाजूला बसून म्हणते की बाकी सामान काही खास नाही, पण पाळणा चांगला आहे. मुलीचा झाला की पुढे हा ज्याच्या घरी लेकरू येईल त्याच्याकडे जाणार आहे. तुम्ही दिलेला शब्द दादाच्या माळ्यावर अडकून पडला होता, तो मी सोडवला. आणि हा पाळणा कोणी घडवला, कुठून आला, ते घेणाऱ्याला आधी सांगणार आहे.

एवढं सगळं तुम्हाला ठणकावून सांगितल्यावर आता थांबायला हवं. हा कागद कोणाला दाखवायचा नाही. काल दादाला पाठवायचा मोह झाला होता, पण तो सोमवारी येणार म्हणून त्यानं आईला फोन केला आहे, बँडचं काही बोलला नाही, तेव्हा राहू दे. खणात ठेवते.

एक मात्र राहिलं. पाळणा सगळा स्वच्छ झाला, फक्त डोक्याकडच्या फळीवर, बाहेरच्या बाजूनं, एका पंखावरचा हिरवा रंग तेवढा बाकी आहे, दोन बोटं रुंद, जाड थराचा. त्यावर पारदर्शक वॉर्निश मारून घेतलंय, लेकराचा हात तिथं पोचत नाही. परवा शेजारीण खोली पाहायला आली तर त्या डागावर बोट ठेवून म्हणाली, हे फार छान ठेवलं, अगदी विंटेज वाटतं. मी हो म्हटलं. तिला काय सांगणार. तीन वेळा पॉलिशपेपर घेऊन तिथं बसले आणि तीनही वेळा उठले. तुमची आठवण म्हणून ठेवला, असं तुमच्या जावयांना सांगितलंय. ते खरंच आहे. पण बाबा, थोडं तुमच्या धाकानंही.